ओसरीवरचं वाजणं : ॲपलॅचियाच्या डोंगरात चार दिवस

दोन वर्षं झाली, लेकीच्या खोलीतून एकच ठेका ऐकू येतो. बम-डिटी, बम-डिटी. बँजोच्या तारेवर बोटाचं नख वरून खाली मारायचं, पुन्हा मारून बाकीच्या तारा छेडायच्या आणि लगेच अंगठा पाचव्या तारेवरून सोडायचा. या पद्धतीला क्लॉहॅमर म्हणतात. ती पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या मध्यावरच बसवलेली. धून कुठंही जावो, ही तार आपला एक सूर धरून राहते, तंबोऱ्यासारखी. म्हणूनच बहुधा मला हा बाजा पहिल्यापासून परका वाटला नाही.

लेक वाजवते त्या संगीताला इथं ‘ओल्ड-टाइम’ म्हणतात. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलॅचियन डोंगरातलं, फिडल (म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि बँजोचं, नाचासाठी आणि घरासाठी असलेलं संगीत. ब्लूग्रास ही शैली त्याच्या नंतरची. इंग्लंड-स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेली बॅलड म्हणजे कथागीतं आणि धुना, गुलाम म्हणून आणलेल्या पश्चिम आफ्रिकन लोकांचा बँजो, असा दोन्हीकडचा वारसा त्यात आहे. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहतो. या संगीताचा मुलूख आमच्यापासून तीन तासांवर, आणि वीस वर्षांत आम्ही तिथं फक्त पानगळीचे रंग बघायला गेलो होतो.

2023च्या जूनमध्ये लेकीची परीक्षा संपली आणि आम्ही दोघीच निघालो. ठरवताना मी एकच हट्ट धरला, की बायकांच्या जागा बघायच्या. त्याला कारण होतं. या बायकांची चरित्रं वाचताना मला सगळीकडे एक कोरा भाग दिसत होता. लहानपणी वडिलांच्या किंवा भावाच्या वाद्यावर शिकणं, मग लग्न, मग वीस-तीस-चाळीस वर्षं काहीच नाही, आणि एकदम पांढऱ्या केसांनी मंचावर. माझ्या आईची पेटी सांगलीच्या घरात कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली असायची. लग्नाआधी ती वाजवायची म्हणे. मी ती पेटी वाजताना कधी ऐकली नाही. तो कोरा भाग मला ओळखीचा होता.

गुरुवार : कार्बरो, मग मॉर्गन्टन

कार्बरो घरापासून पाऊण तासावर. चॅपेल हिलला चिकटून असलेलं जुनं गिरणगाव. तिथं रेल्वेच्या रुळांना लागून एक सायकलवाट जाते, तिला एलिझाबेथ कॉटनचं नाव आहे. सकाळी आठला आम्ही त्या वाटेवरून चालत होतो. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला झाडी.

एलिझाबेथ 1893 सालची. या रुळांजवळच वाढली. कोवळ्या वयात लोकांकडे घरकाम करून पैसे साठवले आणि 3 डॉलर 75 सेंटला स्टेला कंपनीची गिटार घेतली. ती डावखुरी. त्याआधी भावाचा बँजो चोरून वाजवायची, त्याच्या तारा बदलण्याची सोय नव्हती, म्हणून वाद्यच उलटं धरायला शिकली. गिटारही तशीच उलटी. परिणाम असा, की इतर वादक अंगठ्यानं खर्ज आणि बोटांनी धून वाजवतात, ती बोटांनी खर्ज आणि अंगठ्यानं धून वाजवायची. आज तिच्या नावानं ‘कॉटन पिकिंग’ शिकवतात. इथल्या आगगाड्या ऐकत अकरा-बारा वर्षांच्या वयात तिनं ‘फ्रेट ट्रेन’ रचलं.

पुढं लग्न झालं, मूल झालं. ही ऐहिक गाणी सोड, असं चर्चमधल्या मंडळींनी सांगितलं. तिनं गिटार ठेवून दिली. जवळजवळ चाळीस वर्षं. मग वॉशिंग्टनमध्ये एका मोठ्या दुकानात काम करत असताना हरवलेली एक छोटी मुलगी तिनं आईकडे पोचवली. मुलगी होती पेगी सीगर आणि आई संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. त्या घरात एलिझाबेथ स्वयंपाक आणि घरकामाला लागली. घरभर वाद्यं. एकदा भिंतीवरची गिटार काढून ती वाजवत बसली आणि पेगीनं ते ऐकलं. पेगीचा भाऊ माइक सीगरनं तिचं ध्वनिमुद्रण केलं, 1958 मध्ये तबकडी निघाली, तेव्हा ती साठीच्या पुढं होती. तोवर तिचं गाणं इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या नावावर गाजून झालं होतं. ते श्रेय परत मिळवायला झगडावं लागलं. नव्वदी ओलांडल्यावर ग्रॅमी मिळालं.

लेक म्हणाली, “चाळीस वर्षांनी बोटांना आठवेल का गं?” मला उत्तर देता आलं नाही. आम्ही त्या वाटेवर बराच वेळ थांबलो. गाडी काही आली नाही.

पश्चिमेला निघालो. वाटेत मेबेन लागलं. तिथं जो थॉम्पसन नावाचे कृष्णवर्णीय फिडलवादक राहायचे, 2012 मध्ये वारले. 2005 पासून तीन तरुण दर गुरुवारी त्यांच्या घरी शिकायला जात, त्यांतली एक ग्रीन्सबरोची ऱ्हिॲनन गिडन्स. बँजो हे मुळात आफ्रिकेतून आलेलं वाद्य, ही गोष्ट इथं किती काळ विसरली गेली होती आणि ती पुन्हा ऐकवण्यात या बाईचा वाटा केवढा, हे लेक मला गाडी चालवता चालवता सांगत होती. आदल्याच महिन्यात गिडन्सला संगीताचा पुलित्झर मिळाला होता. आमचाही गुरुवारच, हे मेबेन मागं पडल्यावर लक्षात आलं.

दुपारी मॉर्गन्टन. नगरपालिकेच्या सभागृहाबाहेर एटा बेकरचा ब्राँझचा पुतळा आहे, गिटार घेऊन बसलेली. 2017 मध्ये बसवला. माणसाच्या उंचीचा, रस्त्यावरून जाणाऱ्याला सहज शेजारी उभं राहता येईल असा. हे मला फार आवडलं. मोठ्या चौथऱ्यावर तिला कुणी चढवलेलं नाही.

एटा 1913ची, शेजारच्या कॉल्डवेल काउंटीत जन्मलेली. वडील बून रीड बँजो आणि गिटार वाजवायचे. तीन वर्षांची असताना ती गिटार पलंगावर आडवी ठेवून सूर शोधायची, कारण मांडीवर मावत नव्हती. कृष्णवर्णीय, आफ्रिकन आणि चेरोकी वंशाचं मिश्र घर. 1936 मध्ये लग्न, नऊ मुलं, कापड गिरणीत पंचवीसएक वर्षं नोकरी. 1956 मध्ये तिच्या काही धुना एका तबकडीवर आल्या आणि त्या ऐकून देशभरची पोरं तिची बोटं उचलायला लागली. ती मात्र गिरणीतच होती. 1967 या एकाच वर्षात नवरा गेला आणि एक मुलगा व्हिएतनाममध्ये मारला गेला. साठीच्या सुमारास नोकरी सोडली आणि मग वादक म्हणून बाहेर पडली. स्वतःच्या एकटीच्या नावाची पहिली तबकडी 1991 मध्ये, 78व्या वर्षी.

1956 ते 1991. मी वहीत लिहिलं, पस्तीस वर्षं कोरी.

शुक्रवार : ब्लोइंग रॉक, ॲशव्हिल, हॉट स्प्रिंग्ज

ते 1956चं ध्वनिमुद्रण कसं झालं, त्याची जागा बघायची होती. ब्लोइंग रॉकजवळ ब्लू रिज पार्कवे या डोंगररस्त्यावर मोझेस कोन या कापडगिरणीच्या मालकाचा जुना पांढरा वाडा आहे. एटा वडिलांबरोबर तिथं फिरायला आली होती, गाणी गोळा करत हिंडणारा पॉल क्लेटन तिथंच होता. बून रीडनी त्याच्याजवळची गिटार लेकीच्या हातात द्यायला सांगितली, अशी ती हकिगत. दुसऱ्या दिवशी क्लेटन टेपरेकॉर्डर घेऊन तिच्या घरी हजर.

वाड्यासमोर खाली बास लेक दिसतो. गवतावर बसून आम्ही फोनवर ती जुनी मुद्रणं लावली. लेकीनं एक धून तीनदा ऐकली. मग म्हणाली, “आई, हे ऐक नीट. ही त्रेचाळीस वर्षांची आहे, नऊ मुलं आहेत, आणि अंगठा बघ कसा पडतोय. हा थांबलेला हात नाही. ही रोज वाजवत होती.”

तिचं बरोबर होतं. आठ दिवस बँजो लावला नाही तर लेकीची बोटं कशी अडखळतात हे मी घरात बघते. त्रेचाळिसाव्या वर्षी इतकी सफाई असेल तर मधली वर्षं बोटं चालूच असणार, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा तीच सफाई असेल तर नंतरचीही. गिरणीतून आल्यावर, मुलं निजल्यावर, थोरली बहीण कोरा आली की तिच्याबरोबर. टेपरेकॉर्डर समोर नव्हता, एवढंच. कोरा भाग तिच्या आयुष्यात नव्हता, माझ्या वहीत होता. मी ती ओळ खोडली. कॉटनची मात्र तशीच ठेवली, कारण ती खरंच थांबली होती, तिला थांबवलं होतं. दोन्ही गोष्टी एका मापात टाकणं चूकच.

ॲशव्हिलला फक्त जेवणापुरतं थांबलो, पण एका बाईची आठवण इथं काढलीच पाहिजे. सामँथा बमगार्नर, 1878चा जन्म, पश्चिमेकडच्या जॅक्सन काउंटीतली. वडील फिडल वाजवायचे, पण तिला हात लावू द्यायचे नाहीत. ते बाहेर गेले की ती काढायची. तिचा पहिला बँजो भोपळ्याचा, त्यावर मांजराचं कातडं ताणलेलं. लग्नानंतर फिडल घेऊन दिली ती नवऱ्यानं. 1924च्या एप्रिलमध्ये ती आणि मैत्रीण ईव्हा डेव्हिस न्यूयॉर्कला गेल्या आणि कोलंबिया कंपनीसाठी गाऊन-वाजवून आल्या. या डोंगरी संगीताच्या तबकड्यांवर आलेल्या अगदी पहिल्या बायका या दोघी. ब्रिस्टल गावातल्या 1927च्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणांच्या तीन वर्षं आधी. पुढं 1928 पासून ॲशव्हिलच्या डोंगरी लोकसंगीत उत्सवात ती वर्षानुवर्षं वाजवत राहिली. तबकड्यांच्या इतिहासाची सुरुवात मात्र बहुतेक ठिकाणी ब्रिस्टलपासूनच सांगतात.

ॲशव्हिलहून वायव्येला मॅडिसन काउंटी. रस्ता फ्रेंच ब्रॉड नदीची सोबत धरतो आणि सोडतो. मार्शल गेलं की वळणं सुरू होतात, फोनची रेंज जाते. तंबाखू वाळवण्याची जुनी लाकडी कोठारं. हॉट स्प्रिंग्ज एवढंसं गाव, ॲपलॅचियन ट्रेल ही डोंगरातली लांबलचक पायवाट त्याच्या मुख्य रस्त्यावरूनच जाते, त्यामुळे पाठीवर पिशव्या घेतलेली दाढीवाली पोरं सगळीकडे.

रस्त्याच्या कडेला राज्य सरकारचा इतिहासफलक आहे. वर मोठ्या अक्षरांत ‘बॅलड’ची परंपरा, खाली इंग्रज संग्राहक सेसिल शार्पनं 1916 मध्ये या लॉरेल भागात बॅलड गोळा केली असा मजकूर, आणि मग, त्यातली पुष्कळ गाणी देणारी जेन जेन्ट्री इथं राहायची. मी तो फलक दोनदा वाचला. गोळा करणारा आधी, देणारी नंतर.

जेन हिक्स जेन्ट्री 1863ची. नऊ मुलं. मुलांना इथल्या मिशनच्या शाळेत शिकता यावं म्हणून डोंगरातलं घर सोडून हॉट स्प्रिंग्जला आली. शार्पला तिनं 70च्या आसपास गाणी दिली, अमेरिकेत दुसऱ्या कुणीही त्याला एवढी दिली नाहीत. तिचं गाणं कामात मिसळलेलं होतं. कातताना, शेंगा निवडताना, आणि मुलांना कामाला बसवून ठेवण्यासाठी गोष्टी. ‘जॅक’च्या धाडसाच्या गोष्टींचा तिच्याकडे साठा होता, तोही पुढं लिहून घेतला गेला. तिची मुलगी मॉड लाँगनं ती गाणी आणि गोष्टी अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या ध्वनिसंग्रहासाठी गाऊन-सांगून ठेवली.

त्याच 1916 मध्ये, याच काउंटीत, मेरी सँड्सनं शार्पला पंचवीसेक गाणी दिली तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती आणि तिचे दिवस भरत आले होते. दहावं बाळंतपण.

शार्पला इथं यायची वाट दाखवणारीही बाईच. ऑलिव्ह डेम कॅम्पबेल. 1907 मध्ये केंटकीत हाइंडमनच्या शाळेत एका विद्यार्थिनीच्या तोंडून जुनं इंग्रजी बॅलड ऐकलं आणि तेव्हापासून ती डोंगरात हिंडून गाणी टिपू लागली. 1915 मध्ये आपलं बाड घेऊन ती शार्पला भेटली. मग तो आला. सोबत मॉड कार्पेलीस. तो स्वरलिपी लिहायचा, ती शब्द लघुलिपीत उतरवायची. 1917च्या संग्रहावर ऑलिव्हचं नाव शार्पच्या आधी होतं. 1932च्या वाढवलेल्या आवृत्तीवर संग्राहक म्हणून शार्पचं नाव आणि ऑलिव्हच्या 39 धुनांचा उल्लेख. संग्रह खूप मोठा झाला होता हे खरं. तरीही पहिलं नाव मागं गेलं ते गेलंच.

इथल्या बायका या बॅलडना ‘लव्ह साँग्ज’ म्हणतात, त्यात कितीही खून असले तरी. शिकायची रीत म्हणजे गुडघ्याला गुडघा लावून समोर बसणं. एक ओळ आजी, तीच ओळ नात. पलीकडच्या सोडम गावात, ज्याचं सरकारी नाव आता रिव्हिअर आहे, डेली चँडलर नॉर्टननं आपल्या नात्यातल्या नातीला, शीला के ॲडम्सला, असंच शिकवलं. डेलीला 1990 मध्ये आणि शीलाला 2013 मध्ये देशाचा लोककलेतला सर्वोच्च सन्मान मिळाला. शीला सातव्या पिढीची गायिका. सात पिढ्या, तोंडून कानात.

हे वाचताना आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या मनात येणारच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तिथं ओवीसोबत गाणारीचं नाव आहे, गावाचं नाव आहे. हॉट स्प्रिंग्जच्या फलकासमोर मला त्या कामाचं मोल नव्यानं कळलं.

रात्री खोलीवर वायफाय होता. इथले साडेनऊ म्हणजे सांगलीत सकाळचे सात. आईला फोन लावला. बरेच दिवस मनात होतं ते विचारलं, तू पेटी का बंद केलीस?

“बंद कुठं केली?” आई म्हणाली. “तुम्ही शाळेत गेलात, बाबा कामावर गेले, की काढायचे मी. साडेबारा ते दीड. भाता फाटला तेव्हा राहिली.”

“कधी फाटला?”

“तुझ्या दहावीच्या वर्षी. तेव्हा क्लासची फी होती, मग राहूनच गेलं.”

म्हणजे सोळा वर्षं. ज्या घरात मी वाढले त्या घरात रोज दुपारी तासभर पेटी वाजत होती. आई आणखी म्हणाली, “समोरच्या काकूंना माहीत होतं. त्या यायच्या ऐकायला.” मी फोन ठेवला आणि लेकीला काही सांगितलं नाही, तिनं सगळं ऐकलंच होतं.

शनिवार : ब्रिस्टल आणि हिल्टन्स

ब्रिस्टल गावाचा मुख्य रस्ता म्हणजे दोन राज्यांची सीमा. मधोमध पितळेच्या खुणा, एक पाय टेनेसीत, एक व्हर्जिनियात. 25 जुलै ते 5 ऑगस्ट 1927 या बारा दिवसांत व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पियरनं इथं टोप्यांच्या एका गोदामात यंत्र मांडलं आणि 19 कलाकार-चमूंची 76 गाणी मुद्रित केली. ती इमारत आता नाही. जवळच 2014 मध्ये उघडलेलं संग्रहालय आहे, उत्तम आहे, अर्धा दिवस ठेवून जावं.

माझा जीव अडकला तो कार्टर कुटुंबाच्या दोन दिवसांत. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा, आणि साराची मावसबहीण व ए. पी.च्या भावाची बायको मेबेल. पंचवीसएक मैलांवरून मागून आणलेल्या गाडीतून, ओढे ओलांडत आली ही माणसं. मेबेल अठरा वर्षांची, आठवा महिना. साराच्या कडेवर अंगावर पिणारं तान्हं, आणि त्याला सांभाळायला आठ वर्षांची ग्लॅडिस. बाळ रडू नये म्हणून पियरच्या बायकोनं त्याला बाहेर आइस्क्रीम भरवलं. 1 ऑगस्टच्या संध्याकाळी चार गाणी झाली. 2 तारखेला सकाळी ए. पी. आलाच नाही. सारा आणि मेबेल दोघीच गेल्या आणि आणखी दोन गाणी देऊन आल्या. त्यातलं एक ‘सिंगल गर्ल, मॅरिड गर्ल’. लग्न न झालेली मुलगी कशी नटूनथटून हवी तिथं जाते आणि लग्न झालेली पाळणा हलवत बसते, असं ते गाणं. साराला ते आवडत नव्हतं, पियरच्या आग्रहानं गायली. एका हातानं बाळ सांभाळून आलेल्या बाईला ते गाणं म्हणायला लावलं, हे मी तिथं कानाला हेडफोन लावून ऐकलं. सरळ, भरदार, खालच्या पट्टीतला आवाज. त्यात कुठंही रडं नाही. खाली सतत चाललेली मेबेलची गिटार.

त्या गिटारबद्दल लेकीनं मला तिथंच हातवारे करून समजावलं. मेबेल अंगठ्यानं खालच्या जाड तारांवर धून वाजवते आणि तर्जनीनं वरच्या तारा झाडते. धून आणि ठेका दोन्ही एकाच हातात. त्याआधी गिटार मागं ठेका धरणारं वाद्य होतं, या मुलीनं ते पुढं आणलं. ‘कार्टर स्क्रॅच’ म्हणतात त्याला, आणि आज जगात गिटार शिकणारा प्रत्येक जण कुठं ना कुठं त्यातून जातो. मेबेलला यात लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय गिटारवादकाचीही पुढं शिकवणूक लाभली. तो ए. पी.बरोबर गाणी गोळा करत हिंडायचा, चाली त्याच्या डोक्यात राहायच्या. तबकड्यांवर रचनाकार म्हणून नाव असायचं ए. पी.चं. डोंगरात घरोघर म्हटली जाणारी गाणी, गाणारी सारा, वाजवणारी मेबेल, चाल लक्षात ठेवणारा रिडल. नाव एकाचं. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही, जरी ए. पी.नं त्या गाण्यांसाठी आयुष्य झिजवलं हे मला मान्य आहे.

संध्याकाळी हिल्टन्स. क्लिंच डोंगराच्या पायथ्याशी पुअर व्हॅली. वाटेत माउंट व्हर्नन चर्चच्या दफनभूमीत थांबलो. ए. पी. आणि सारा दोघांच्याही थडग्यांवर दगडात तबकडी कोरलेली आहे. दोघं एका रांगेत नाहीत, बरंच अंतर आहे. सारानं त्याला सोडलं होतं, 1939 मध्ये त्याच्या मामेभावाशी लग्न केलं, पुढं कॅलिफोर्नियाला गेली, आणि 1940च्या दशकात कार्टर कुटुंबाचं एकत्र गाणं थांबलं. सारा मग बहुतेक घरीच राहिली. मेबेल मुलींना घेऊन गात राहिली, आणि नॅशव्हिलमध्ये वाईट दिवस आले तेव्हा रात्रपाळीला रुग्णांची शुश्रूषा करायला गेली. 1967 मध्ये दोघी न्यूपोर्टच्या उत्सवात पुन्हा एकत्र गायल्या.

कार्टर फॅमिली फोल्ड ही जागा ए. पी. आणि साराची मुलगी जेनेटनं उभी केली. वडिलांना शब्द दिला होता. 1974 मध्ये त्यांच्या जुन्या दुकानातच कार्यक्रम सुरू केले, माणसं मावेनात म्हणून 1976 मध्ये शेजारी शेड बांधली. दर शनिवारी, साडेसातला. विजेची वाद्यं नाहीत, दारू नाही. जेनेट 2006 मध्ये गेली, आता तिची मुलगी बघते.

आम्ही सूप बीन्स आणि कॉर्नब्रेड घेऊन लाकडी बाकावर बसलो. वाद्यं सुरू झाली आणि पहिल्या धुनेच्या दुसऱ्या फेरीला पुढची मोकळी फरशी भरली. बुटांना पत्रे ठोकलेले म्हातारे, म्हाताऱ्या, चार वर्षांची पोरं. माझ्या शेजारच्या आजी सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. त्यांनी पिशवीतून बूट काढले, घरचे बूट पिशवीत ठेवले, आणि माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्ही नाही येत, हनी?” मी गेले. पाय कसे टाकायचे ते त्यांनी बोलून सांगितलं नाही, माझ्यासमोर उभं राहून दाखवलं. फुगडीनंतर दम लागतो तसा दम लागला.

रविवार : गॅलॅक्स, आणि घरी

सकाळी पूर्वेला निघालो. गॅलॅक्स म्हणजे 1935 पासून फिडलवाल्यांचा मेळावा भरतो ते गाव. मेळावा ऑगस्टमध्ये असतो, त्यामुळे आज रस्ते शांत. मला इथं हॅटी स्टोनमन आठवत होती. ती याच भागातली, फिडल वाजवणारी. 1927 मध्ये नवऱ्याबरोबर ब्रिस्टलला तीही वाजवून आली. तिची बाळंतपणं धरली तर मुलं 23. त्यातली जगलेली बहुतेक सगळी वाजवणारी निघाली. रोनी बँजोवर, डोना मँडोलिनवर. त्या घरात फिडल कुणी शिकवली नसेल, ती तिथं हवेतच असणार.

पलीकडे, राज्याची सीमा ओलांडली की स्पार्टा. तिथल्या शाळेत समुपदेशक असलेल्या हेलन व्हाइट यांनी 2000 साली मुलांना शाळेनंतर फिडल-बँजो-गिटार शिकवायला सुरुवात केली, कानावरून, कागदाशिवाय. आज डोंगरातल्या कितीतरी काउंटींत तो उपक्रम चालतो. हेलन 2019 मध्ये गेल्या.

दुपारी ब्लू रिज म्युझिक सेंटर, पार्कवेचा 213वा मैल. मोसमात दुपारी बारा ते चार तिथं स्थानिक मंडळी येऊन वाजवतात, फुकट. मोकळ्या पडवीत खुर्च्या, समोर कुरण. चौघं वाजवत होते, त्यांत फिडलवर एक बाई, पांढरी वेणी पाठीवर. लेक बँजोची पेटी पायाशी ठेवून लांब बसली होती. बाईंनी दोन धुनांनंतर तिच्या पेटीकडे बघितलं आणि पायानंच शेजारची खुर्ची थोडी सरकवली.

ओल्ड-टाइमच्या बैठकीत कुणी पाळीपाळीनं आपली कसरत दाखवत नाही. सगळे एकच धून एकत्र वाजवतात, पुन्हा पुन्हा, पंधरा-वीस फेऱ्या. बँजोच्या तारा दर वेळी नव्यानं लावाव्या लागू नयेत म्हणून तासभर एकाच पट्टीतल्या धुना घेतात. धून नवी असली तरी आठव्या फेरीला हातात बसते. संपवायचं असेल तेव्हा फिडलवाला एक पाय उचलतो, म्हणजे ही शेवटची फेरी.

लेकीला धून माहीत नव्हती. पहिल्या तीन फेऱ्या ती फक्त बम-डिटी धरून होती, चौथीला निम्मी धून आली. मी तिचा अंगठा बघत होते. सहाव्या फेरीला तिनं मान वर केली. केरी अजून तीन तास होतं आणि उजेडी पोचायचं ठरलं होतं. मी घड्याळ बघितलं, मग बाईंच्या पायाकडे बघितलं. दोन्ही पाय जमिनीवर होते, आणि धून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.